धैर्यशील नावे

बेदाण्याच्या पेढीवर मी हिशेब लिहिते,
मार्केट यार्ड, सांगली. अकरा वर्षं झाली.
डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
संगणक आलाय, पण शेठना कीर्द
हातानं लिहिलेलीच लागते,
म्हणून मला अजून पगार आहे.

पगार सतरा हजार.
आधीच सांगते, कारण पुढचं सगळं
त्यालाच भागून येतं.

पहिला फोन जेवणाच्या सुट्टीत केला,
रिकाम्या खोक्यांच्या थप्पीमागं उभी राहून.
बाईचा आवाज गोड.
महिना अठरा, डिपॉझिट पाच, औषधं वेगळी,
तीन महिन्यांखाली आम्ही घेतच नाही, ताई.
तिनं भावाचं वय विचारलं, घर स्वतःचं का विचारलं.
काय पितो, किती पितो, ते राहिलं.

दुसरा म्हणाला, यायला तयार नसला तरी चालतंय,
रात्री गाडी पाठवतो. चार पोरं असतात आमची.
तुम्ही फक्त कडी काढून ठेवा.

ती रात्र मी कडीकडं बघत काढली.
आतल्या खोलीत तो झोपेत खोकत होता.
लहानपणी कडीला हात पुरत नव्हता त्याचा,
तेव्हा "अक्का, काढ की" म्हणायचा.
मी काढली नाही.

विम्याचं कार्ड होतं, कुपवाडच्या कारखान्यातलं,
नोकरी गेली तरी पाकिटात जपलेलं.
एजंटनं दोन्ही बाजूंनी बघितलं.
हे ह्यात बसत नाही, म्हणाला,
आणि ते संपलंय पण.
चालू असतं तर लिव्हर गेल्यावर बघता आलं असतं.

सिव्हिलला केसपेपर काढला.
डॉक्टर अगदी पोरगेलासा, डोळ्यांत रात्रपाळी.
माझ्याकडं न बघता त्यालाच विचारलं,
हात कधी थरथरतात?
"पहाटे. साडेपाचला."
मी सहाला उठते.
मला साडेपाचचं काही माहीतच नव्हतं.

बेड नव्हता.
घरी एकदम बंद करू नका, झटके येतात,
गोळ्या देतो, सोमवारी परत या.
तीन सोमवार गेलो.
चौथ्याला तो वाटेतच रिक्षातून उतरला.

भिशी आमची दहाजणींची, हजार-हजाराची.
नंबर माझा फेब्रुवारीत.
मी म्हणाले, दाढेचं काम निघालंय, आधी मिळेल का?
कुणी काही बोललं नाही.
एकीनं चहाचे कप उगाच परत गोळा केले.
मग शमशादभाभीनं पैसे माझ्या पिशवीत सरकवले,
नंबर तिचा होता,
आणि म्हणाली, पेन हाय का? लिहून घे.
म्हैसाळच्या वाटेला, पंपाच्या मागं, पाटी नाही.
महिना नऊ. मारत नाहीत.
माझा दीर दोनदा राहिला तिथं.
"दोनदा?"
दोनदा, म्हणाली. आता रंगकाम करतो.
दाढ कुठली गं, डावी का उजवी?

तो आपल्या पायांनी आला.
बॅग त्यानंच धरली.
स्टँडसमोर म्हणाला, थांब, ब्रश राहिला.
मी पन्नासची नोट दिली आणि उभी राहिले,
दुकान कुठलं, शेजारचं दुकान कुठलं,
मिनिटं मोजत.
तो आला. हातात निळा ब्रश.
अकरा रुपये परत दिले, मोजून,
तळहात हलत होता म्हणून
नाणी माझ्या हातावर वाजली.

आता दुसरा महिना.
शेठकडं उचल मागितली. ते म्हणाले, घे,
पण कीर्दीत कारण लिही.
मी लिहिलं, घरखर्च.
मग खोडलं.
कीर्दीत खाडाखोड चालत नाही,
हे नव्या पोरांना मीच शिकवते.
वरच्या ओळीत, सुवाच्य अक्षरात लिहिलं,
धैर्यशील नावे. नऊ हजार.
शेठनी चष्मा वर केला, वाचलं, सही केली.

ते अकरा रुपये अजून पर्समध्ये आहेत,
वेगळ्या कप्प्यात.
कुठल्या बाजूला लिहायचे
ते ठरत नाही.